नकार परवडला पाहिजे

१९७४ साली अमेरिकेत कंट्री या तिथल्या ग्रामीण बाजाच्या संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेलं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हे गाणं एल्विस प्रेस्लीला गायचं होतं. गाणं डॉली पार्टन यांनी लिहिलेलं, त्यांनीच चाल बांधलेली आणि त्यांनीच गायलेलं. रेकॉर्डिंगच्या तोंडावर एल्विसचे व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यांनी अट कळवली: गाण्याच्या पब्लिशिंगचा अर्धा हिस्सा आमच्या नावे करा. पार्टनबाईंनी नाही म्हटलं आणि एल्विसनं गाणं सोडून दिलं. पुढे १९९२ साली पॉप गायिका व्हिटनी ह्यूस्टननं एका चित्रपटासाठी तेच गाणं गायलं आणि ते अमेरिकेच्या मुख्य यादीत सलग १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून बसलं.

हा किस्सा इतक्या वेळा सांगून झालाय की त्याचं सुभाषित झालं आहे. स्वतःची किंमत ओळखा, नाही म्हणायला शिका वगैरे. पण त्या नकारामागचं गणित आणि त्यामागची बेगमी बाजूला ठेवली तर हा किस्सा नवीन गीतलेखकाला सरळ चुकीचा सल्ला देतो. हक्क राखणं ही हिमतीची गोष्ट आहे, असं त्याला वाटू लागतं. खरं तर ती ऐपतीची गोष्ट आहे. आणि ज्याची ऐपत नाही त्याचं काय करायचं, हा सार्वजनिक धोरणाचा प्रश्न आहे.

आधी पार्कर नेमकं काय मागत होते ते पाहू. रेकॉर्ड झालेल्या गाण्यात दोन निराळ्या मालमत्ता असतात. शब्द आणि चाल मिळून होते ती रचना. त्या रचनेचं एका गायकानं, एका स्टुडिओत, एका दिवशी केलेलं रेकॉर्डिंग ही दुसरी. धंद्यात तिला मास्टर म्हणतात. व्हिटनीचं रेकॉर्डिंग वेगळं, पार्टनबाईंचं वेगळं, पण दोन्हींखाली रचना एकच. या रचनेच्या कमाईचे रिवाजानं दोन समान वाटे पडतात: शंभरातले ५० लेखकाचे, ५० प्रकाशकाचे. 'पब्लिशिंग' हा शब्द गाण्यांची नोटेशन्स छापून विकली जायची त्या काळातला. आजचा प्रकाशक काही छापत नाही. तो नोंदणी करतो, परवाने देतो, वसुली करतो, गाणं गायकांच्या कानापर्यंत नेतो. पार्टनबाईंच्या बाबतीत हे काम त्यांनी मामा बिल ओवेन्सबरोबर उभ्या केलेल्या कंपनीकडं होतं, बाहेरच्याकडं नव्हतं. अर्धं पब्लिशिंग द्यायचं म्हणजे शंभरातले २५ कायमचे द्यायचे.

यात एक बारीक मेख आहे. अमेरिकी कायद्यानुसार एकदा बाजारात आलेलं गाणं कुणीही पुन्हा रेकॉर्ड करू शकतो. ठरलेला दर भरला की झालं, परवानगी मागावी लागत नाही. म्हणजे एल्विसला ते गाणं न विचारता गाता आलं असतं. पार्कर यांच्या हातात कायदा नव्हता, बाजार होता. 'हिस्सा नसेल तर आमचा माणूस गाणार नाही' एवढीच ती धमकी, आणि एल्विसच्या नावापुढं ती पुरत असे.

आता रक्कम बघा. त्या काळी दर होता प्रत्येक प्रतीमागे २ सेंट. १९०९ च्या कायद्यानं ठरवलेला हा दर १९७८ पर्यंत तसाच होता. एल्विसच्या रेकॉर्डच्या १० लाख प्रती खपल्या असत्या तर रचनेचे झाले असते २०,००० डॉलर. त्यातले ५,००० पार्करच्या बाजूला, १५,००० पार्टनबाईंच्या. व्यवहारी माणूस म्हणेल, एल्विस गायलाच नसता तर १५,००० कुठून येणार होते? युक्तिवाद बिनतोड वाटतो, आणि बहुतेक लेखक त्याला मान तुकवत. चूक एवढीच की मागितलेला हिस्सा एल्विसच्या रेकॉर्डपुरता नव्हता. तो रचनेचा होता. रचना ज्या ज्या गळ्यातून पुढं जाईल तिथं तिथं तो मागे चालत आला असता, अगदी पार्टनबाईंच्या स्वतःच्या गळ्यापर्यंत.

१९९२ मध्ये दर होता ६.२५ सेंट. त्या चित्रपटाच्या अल्बमला अमेरिकेत १ कोटी ७० लाखांहून जास्त प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं. पूर्ण दर धरला तर एका गाण्यामागे सुमारे १०.६ लाख डॉलर, त्याचा चतुर्थांश २.६५ लाख. यात सुटं सिंगल नाही, परदेशातली विक्री नाही आणि सगळ्यात मोठी गोष्ट, रेडिओ नाही. अमेरिकेत साधा एएम-एफएम रेडिओ रचनेचे पैसे देतो, रेकॉर्डिंगचे देत नाही. व्हिटनीचा आवाज लागला की पैसे पार्टनबाईंच्या बाजूला जातात, व्हिटनीच्या नाही. गायकांवर हा उघड अन्याय आहे आणि तो कित्येक दशकं चालू आहे. पण दोन मालमत्तांपैकी कुठली जास्त काळ दूध देते, हे त्यावरून कळतं.

आता पार्टनबाईंच्या बेगमीकडं येऊ. १९ जानेवारी १९४६ चा जन्म, टेनेसी राज्यातली सेव्हियर काउंटी, १२ भावंडांत चौथा नंबर, बाळंतपणाच्या डॉक्टरांना मोबदला म्हणून मक्याच्या पिठाचं पोतं. हे सगळं सगळ्यांना पाठ आहे. १९६४ साली शाळा संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलची वाट धरली, हेही. फारसं सांगितलं जात नाही ते असं की पहिलं यश गायिका म्हणून आलंच नाही. १९६६ मध्ये तिनं आणि मामानं लिहिलेलं गाणं बिल फिलिप्स या गायकानं कंट्रीच्या पहिल्या दहांत नेलं. रेकॉर्ड कंपनी तेव्हा तिला पॉप गायिका बनवायच्या खटपटीत होती. लेखणीनं आधी कमावलं, आवाजानं नंतर. १९६७ मध्ये कंट्री गायक पोर्टर वॅगनर यांच्या टीव्ही कार्यक्रमात जागा मिळाली, मोबदला वर्षाला ६०,००० डॉलर. म्हणजे पार्करचा निरोप आला तेव्हा पाठीशी सात वर्षांचा नेमानं आलेला पैसा होता, स्वतःच्या पब्लिशिंगची चौकट होती आणि ज्या गाण्यावर वाद होता ते आधीच पहिल्या क्रमांकावर जाऊन आलेलं होतं. एल्विस नसता तरी चूल पेटणार होती. पार्टनबाईंनी स्वतः सांगितलंय की त्या रात्री त्या रडल्या. रडून झाल्यावरही शब्द फिरवावा लागला नाही, तो या बेगमीमुळं.

मालकी फुकटही पडत नाही. ते गाणं मुळात वॅगनर यांचा निरोप घेण्यासाठी लिहिलेलं. पण १९७९ मध्ये वॅगनर यांनी ३० लाख डॉलरचा दावा ठोकला आणि प्रकरण कोर्टाबाहेर मिटवावं लागलं. धंद्यातली भागीदारी आणि आपुलकी एकाच कागदावर आली की असं होतं, हे कुठल्याही फडमालकाला ठाऊक असतं.

याच्या शेजारी कंट्रीतलेच गीतकार-गायक विली नेल्सन यांना ठेवून पाहा. १९५० च्या दशकाच्या शेवटी टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात त्यांनी एक गाणं ५० डॉलरला विकलं, दुसरं १५० ला. पहिल्याच्या रेकॉर्डवर लेखक म्हणून त्यांचं नावसुद्धा आलं नाही. ते १९६० मध्ये कंट्रीच्या पहिल्या दहांत गेलं. दुसरं रे प्राइस यांनी गायलं आणि ते अजून वाजतं. नेल्सन भित्रे होते असं त्यांचा शत्रूही म्हणणार नाही. पदरी बायकापोरं होती, खिशात पैसे नव्हते. दोघांच्या प्रतिभेत फरक दाखवा म्हटलं तर दाखवता येणार नाही. त्या महिन्याच्या शिलकीतला दाखवता येतो.

आजच्या नॅशव्हिलमध्ये हाच दाब जास्त सभ्य कपड्यांत येतो. 'म्युझिक रो' या तिथल्या संगीतधंद्याच्या वस्तीतल्या एखाद्या खोलीत सकाळी दोन-तीन लेखक बसतात, दुपारपर्यंत गाणं उभं करतात. रिवाज असा की खोलीत जितकी माणसं तितके समान वाटे, कुणी किती ओळी दिल्या हे मोजायचं नाही. रिवाज चांगला आहे, कारण ओळी मोजायला बसलं की गाणं होत नाही. बिघडतं ते नंतर. वाट्याचा कागद त्याच दिवशी सही झाला नाही आणि गाणं चाललं, की खोलीत चहा घेऊन आलेल्यालाही आपण 'ती ओळ सुचवली' होती हे आठवतं. आणि नावाजलेला गायक एखादा शब्द इकडचा तिकडं करून लेखकांच्या यादीत शिरतो. 'शब्द बदला, तिसरा हिस्सा घ्या' ही तिथल्या धंद्यातली जुनी म्हण आहे. पार्करची मागणी निदान उघड तरी होती.

कंपनीशी बांधलेल्या लेखकाला दरमहा आगाऊ रक्कम मिळते. तिकडं तिला 'ड्रॉ' म्हणतात. तमाशाच्या फडात आणि ऊसतोडीत जिला उचल म्हणतात तीच ही. समजा वर्षाला ३०,००० डॉलर उचल, तीन वर्षं. चौथ्या वर्षी गाणं लागलं तर विक्रीच्या पैशातून आधी ९०,००० वळते होणार, मगच लेखकाच्या हाती काही पडणार. मात्र एक वाट मोकळी ठेवलेली आहे. रेडिओ, टीव्ही, जाहीर कार्यक्रम यांची वसुली बीएमआय आणि ॲस्कॅप या संस्था करतात, आणि त्यातला लेखकाचा अर्धा वाटा त्या थेट लेखकाला धाडतात, प्रकाशकाच्या वहीतून नाही. उचल अंगावर असलेल्या कित्येक लेखकांची घरं या एका वाटेनं तगली. कुणाच्याही हिमतीवर अवलंबून नसलेली व्यवस्था म्हणतात ती ही.

दुसरी एक वाट मात्र डोळ्यांदेखत बुजली. सीडी विकली जायची तेव्हा तिच्यातल्या दहाव्या, कुणी न ऐकलेल्या गाण्यालाही हिट गाण्याइतकाच दर मिळत असे, कारण दर प्रतीमागे होता. मधल्या फळीतले लेखक त्या दहाव्या गाण्यावर जगत. स्ट्रीमिंगमध्ये पैसे वाजण्याच्या प्रमाणात येतात, आणि रचनेच्या वाट्याला साधारण मिळकतीच्या १५ टक्क्यांच्या आसपास रक्कम येते. तीतही अनेक वाटेकरी. प्रतीमागचा दर २०२५ मध्ये १२.७ सेंटवर गेला हे ऐकायला बरं वाटतं, पण प्रत विकत घेतो कोण? १९६६ मध्ये पार्टनबाई ज्या पायरीवरून चढल्या, ती पायरीच आता झिजली आहे.

म्हणून कायद्यानं काय करावं हा मुद्दा येतो. अमेरिकी कायद्यात एक विलक्षण तरतूद आहे. १९७८ नंतर दिलेला हक्क ३५ वर्षांनी लेखक परत घेऊ शकतो, त्याआधीच्या रचनांचा ५६ वर्षांनी. नोटीस किमान २ आणि कमाल १० वर्षं आधी द्यावी लागते. करारात 'मी हा अधिकार सोडला' असं लिहून घेतलं तरी त्याला किंमत नाही. तरुणपणी मोलभाव करायची ताकद नसते, हे कायद्यानं गृहीत धरलं आहे. पण ३५ वर्षं म्हणजे एक अख्खं आयुष्य. पन्नास डॉलरची गरज आज आहे.

आपला कायदा निराळ्या दिशेनं गेला, आणि माझ्या मते जास्त शहाणपणानं. १९५७ चा कायदा आणि १९७७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमुळं चित्रपटगीताचा मालक निर्माता, असं घट्ट होऊन बसलं होतं. २१ जून २०१२ पासून दुरुस्ती लागू झाली. आता गीतकार-संगीतकारानं हक्क लिहून दिला तरी चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाखेरीज इतर वापराच्या रॉयल्टीत त्याचा समान वाटा राहतो. तो वाटा सोडता येत नाही. देता येतो तो फक्त कायदेशीर वारसांना किंवा वसुली करणाऱ्या कॉपीराइट संस्थेला. चित्रपटाबाहेरच्या रेकॉर्डिंगलाही हेच लागू आहे. पार्करसारखी मागणी इथं झाली आणि घाबरून सही केली, तरी लेखकाचा अर्धा वाटा शाबूत राहतो. पार्टनबाईंना जे नकार देऊन मिळवावं लागलं, ते इथं नकार न देताही कागदावर मिळतं.

निर्मात्यांचा आक्षेप ठरलेला आहे: जोखीम आम्ही घ्यायची, शंभरातली नव्वद गाणी बुडतात, आणि चाललेल्या दहांत वाटा द्यायचा? आक्षेप पोकळ नाही. पण मालकी त्यांच्याकडंच राहते, समान वाटा फक्त येणाऱ्या रॉयल्टीत असतो, आणि बुडालेल्या गाण्याला रॉयल्टी येतच नसल्यानं लेखकही त्या नव्वदांत त्यांच्याबरोबरच बुडालेला असतो. गायकांना रॉयल्टीचा हक्कही याच दुरुस्तीनं दिला. व्हिटनीवर अमेरिकी रेडिओत जो अन्याय होतो, त्यावरचं उत्तर आपल्या कायद्यात कागदावर तरी आहे.

कागदावर, कारण गोम तिथंच आहे. लावणीच्या आणि पोवाड्याच्या शेवटच्या कडव्यात कवी आपली छाप गुंफायचा. नाव काढायला जावं तर वृत्त मोडायचं. पठ्ठे बापूरावांचं नाव असं आजही गायलं जातं, पण १९४५ मध्ये ते गेले तेव्हा हलाखीत होते. नाव होतं, वसुलीची वाट नव्हती. आज उलट झालंय. वाट आहे, नावाचा पत्ता नाही. मोबाइलवर गाणं चढवताना रेकॉर्डिंगचा क्रमांक, म्हणजे आयएसआरसी, आपोआप पडतो. रचनेचा क्रमांक, आयएसडब्ल्यूसी, लेखकाची आणि रचनेची वसुली करणाऱ्या संस्थेकडं नोंद असेल तरच येतो. दोन्हींची सांगड बसली नाही की पैसे जमा होतात पण कुणाचे ते कळत नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये नव्या मध्यवर्ती वसुली संस्थेकडं अशा बेवारस रॉयल्टीचे ४२ कोटी ४० लाख डॉलर कंपन्यांनी सोपवले. त्यात मोठे लेखक कमी आणि स्पेलिंग चुकलेले लहान लेखक जास्त असणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

तेव्हा मराठीत गाणं लिहिणाऱ्यानं, कोळीगीत असो की जिंगल, हिमतीची भाषणं ऐकण्याआधी थोडी कारकुनी करावी. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी वसूल करणाऱ्या मुंबईतल्या आयपीआरएस या १९६९ पासूनच्या संस्थेचं सभासदत्व. प्रत्येक गाण्याची शीर्षकासह नोंद, वाट्यांची बेरीज बरोबर १००, नावाचं स्पेलिंग सगळीकडं एकच. सहलेखक असेल तर खोली सोडण्यापूर्वी वाट्यांवर सह्या. करारात मुदत आणि प्रदेश हे दोन शब्द शोधावेत. मुदत लिहिलेली नसेल तर कायद्यानं ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. एकरकमी करारातलं 'कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात' हे मोठ्या आवाजातलं वाक्य घालण्याचं कारण हेच, की ते नसेल तर कायदा लेखकाच्या बाजूनं झुकतो. ते वाक्य असलं तरी रॉयल्टीतला समान वाटा जात नाही. बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं, आणि करार पुढं करणाऱ्याला ते सांगण्याची घाई नसते.

रचना हाती असली की किती लांबचं राजकारण करता येतं, हे टेलर स्विफ्टनं दाखवलं. तीही नॅशव्हिलच्या कंट्रीतूनच आलेली. २०१९ मध्ये तिचे जुने मास्टर दुसऱ्यांना विकले गेले. २०२१ पासून तिनं तीच गाणी पुन्हा रेकॉर्ड करून बाजारात आणली, आणि जुनी रेकॉर्डिंगं जाहिरातीत वा चित्रपटात वापरायला रचनाकार म्हणून नकार देऊ शकली. २०२५ मध्ये मास्टरही तिनं विकत घेतले. पण हेही पुन्हा ऐपतीचंच उदाहरण आहे. त्यावरून धोरण आखू नये.

धोरण आखायचं तर उचलीवर आखावं. लेखक हक्क विकतो तेव्हा बहुतेकदा त्याला विक्री नको असते, पैसे आजच हवे असतात. संस्थांकडं प्रत्येक सभासदाच्या गेल्या काही वर्षांच्या वसुलीचा हिशेब असतो. त्या हिशेबावर, हक्काला हात न लावता, पुढच्या रॉयल्टीतून फेडायची छोटी उचल देणं ही कारकुनी आहे, क्रांती नाही. नवख्याकडं हिशेबच नसतो, तिथं सांस्कृतिक खात्यानं हमीदार राहावं. पुरस्कारांच्या शाली-श्रीफळांपेक्षा हा खर्च फार नसेल, आणि बुडीत गेला तरी एखाद्या महोत्सवाच्या मांडवाइतकाच जाईल.

नॅशव्हिलमध्ये एका गायकानं हे कुठलंही खातं नसताना केलं. नेल्सन यांनी आणखी एक गाणं विकायला काढलं तेव्हा फॅरन यंग यांनी ते विकत घ्यायला नकार दिला आणि वर ५०० डॉलर उसने दिले. १९६१ मध्ये यंग यांनीच ते गायलं, कंट्रीच्या यादीत नऊ आठवडे पहिलं राहिलं, आणि लेखकाच्या रॉयल्टीचा चेक नेल्सन यांच्या नावानं निघाला.